वॅकेशनमध्ये मुलाला आखाड्याच्या शिबिराला घालावं का? (वडोदरा)

रावपुरेकर

नमस्कार. मुलगा साडेदहा वर्षांचा आहे. एका जागी पाच मिनिटं टिकत नाही. २०२५च्या जानेवारीत दिल्लीचा खो-खो वर्ल्डकप टीव्हीवर पाहिला, भारताचे दोन्ही संघ जिंकले, तेव्हापासून गच्चीवर मोठ्या बहिणीला बसवून खो देत असतो.

सासरे म्हणतात, मे महिनाभर आखाड्याच्या शिबिराला पाठवा. मुलग्यांची वेगळी तुकडी, सकाळी सहाला हजर, मल्लखांब, कुस्ती, खो-खो, कबड्डी. मिस्टरांना वाटतं, त्यापेक्षा पोहणं, रोबोटिक्स, चित्रकला असं सगळं थोडं थोडं शिकवणारं शिबिर बरं. मी मधल्या मधे. रोज तेच तेच करून मूल कंटाळणार नाही का? मल्लखांबाची मला भीती वाटते. आणि तिथे मारतात का हो? या शिबिरांत नेमकं वेगळं काय असतं, ते अनुभव असलेल्यांनी सांगावं.

मांजलपूरची आई

आम्ही आधी तुमच्या मिस्टरांसारखाच विचार केला होता. बारा दिवसांत चौदा गोष्टी शिकवणार होते. मुलानं एक दिवस धनुष्यबाण धरला, एक दिवस मातीचं मडकं केलं, एक दिवस स्केटिंग. तेराव्या दिवशी विचारलं, काय आवडलं, तर त्याला सांगता येईना. फी बरीच होती, त्याहून वाईट मला त्याच्या त्या गोंधळलेल्या चेहऱ्याचं वाटलं. पुढच्या वर्षी आखाड्यात घातलं. पहिले चार दिवस सकाळी उठवताना रडला. पाचव्या दिवशी माझ्याआधी उठून बसला होता.

लालमाती

रावपुरेकर ताई, नऊ वर्षांचा असताना वडिलांनी मला आमच्या पोळीच्या (म्हणजे गल्लीच्या) तोंडाशी असलेल्या आखाड्यात नेऊन सोडलं. आता एकसष्टी झाली, तरी मे महिन्यात पावणेसहाला मी तिथेच असतो, मुलांना शिकवायला. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रोज तेच असतं, हे खरं आहे. आधी कुस्तीच्या हौदातली माती खणायची. लाल माती, तिच्यात तेल, ताक, हळद मुरलेली. रात्रभरात ती बसते, आणि बसलेल्या मातीवर पडलं की लागतं. फावडं मोठ्यांच्या हातात, ढेकळं फोडायला लहान. मग सूर्यनमस्कार, पहिल्या आठवड्यात बारा. जोर-बैठका. मल्लखांब. शेवटचा पाऊण तास खो-खो किंवा कबड्डी, एक दिवसाआड कुस्ती. साडेआठला भिजवलेले हरभरे आणि गूळ, की घरी. आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीतच आहे, नऊनंतर मैदानावर मूल ठेवायचं नाही.

पण रोज तेच असलं तरी मुलगा रोज तोच नसतो. काल अर्ध्यावरून घसरला, तो आज वर हात लावून येतो. हे दुसऱ्या कुणी सांगावं लागत नाही, खांब तिथेच असतो. चौदा दिवसांत चौदा खेळ केले तर आपण कालच्यापेक्षा पुढे गेलो की नाही, हे मुलाला कशावरून कळणार?

मल्लखांबाचं. जमिनीत पुरलेला, वर निमुळता होत गेलेला लाकडी खांब, त्याला एरंडेल चोळलेलं. तेल पाहून पालकांना धडकी भरते. पण तेलाशिवाय कातडी सोलून निघेल. नवीन मुलगा पहिले काही दिवस चढणं, उतरणं आणि साधी अढी, म्हणजे खांबाला पायांची पकड, एवढंच करतो. तेढी, दसरंग वगैरे प्रकार पुढे. खाली गादी असते, आणि गादीवर कुणीतरी हात वर करून उभं असतं. शिबिराचं वेगळेपण मला विचाराल तर हा खाली उभा राहणारा मुलगा.

दहा वर्षांच्या मुलाच्या खाली आम्ही तेरा-चौदा वर्षांचा उभा करतो. शेजारी शिकवणारा असतोच. वरच्याच्या मानेवर आणि खांद्यांवर त्याची नजर हवी, पायांवर नको, कारण डोकं आधी खाली येतं. तिसऱ्या आठवड्यात तोच दहा वर्षांचा मुलगा सात वर्षांच्याच्या खाली उभा राहतो, त्याच्यामागे मोठा असतो. घरी ज्याचं दप्तर आई उचलते, असा मुलगा दुसऱ्याच्या तोलाकडे डोळ्याची पापणी न लववता बघत उभा राहिलेला मी दरवर्षी बघतो. एकाच वयाच्या, एकाच इयत्तेच्या मुलांच्या वर्गात हे घडवता येत नाही.

माझीच गोष्ट. दहा-अकरा वर्षांचा होतो. आमच्या पोळीतल्या एका मोठ्या मुलाशी पतंगावरून भांडण झालं होतं, संक्रांतीपासून आम्ही बोलत नव्हतो. मे महिन्यात एका सकाळी नेमका तोच माझ्या खाली. दसरंगात माझा हात सुटला. त्यानं मला कमरेत धरलं, गादीवर ठेवलं आणि म्हणाला, "परत चढ." मी परत चढलो. भांडणाचा विषय आम्ही पुन्हा काढला नाही.

तुमचा मुलगा टिकत नाही म्हणता. खो-खोत आठ गडी पाटीवर, म्हणजे मैदानात आखलेल्या जागेवर, एकाआड एक उलट्या दिशांना तोंड करून बसतात, नववा पाठलाग करतो. (वर्ल्डकपात सातच जणांचा खेळ होता, आम्ही नऊ जणांचाच खेळवतो.) मागून खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही. तिथे चंचल मुलाला गप्प बस म्हणावं लागत नाही. तो बसतो, पण एक पाय मागे रोवून, हात जमिनीला टेकवून, सगळं लक्ष पाठीकडे लावून. माझ्याकडे आलेल्या कितीतरी धांदरट मुलांना स्थिर बसणं पहिल्यांदा जमलं ते पाटीवर.

सासऱ्यांचा आग्रह उगाच नाही. हे सगळं आपल्या गावाच्या रक्तात आहे. जुम्मादादांच्या आखाड्यात प्रो. माणिकरावांनी पिढ्या घडवल्या, मोडलेली हाडंही बसवली. १९०७ ते १९१० या काळात त्यांच्या हाताखाली तयार झालेले जगन्नाथ गणेश गुणे पुढे स्वामी कुवलयानंद झाले आणि १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढली. हुतुतूचे, म्हणजे कबड्डीचे, नियम छापून त्याप्रमाणे अखिल भारतीय सामने भरवले तेही इथल्या हिंद विजय जिमखान्यानं, १९२३ साली. मुलाला एकदा सयाजीबागेतल्या म्युझियममध्ये न्या आणि गामा पैलवानानं १९०२ साली उचलला अशी नोंद असलेला दगड दाखवा. त्या दगडासमोर मुलं एकदम गप्प होतात.

आता मारण्याचं. ज्या ठिकाणी शिकवणाऱ्याच्या हातात छडी दिसेल, तिथून मुलाला त्याच दिवशी घरी आणा. परंपरेच्या नावाखाली ते खपवून घेऊ नका. नाव घालण्याआधी एक सकाळ जाऊन बसा. मल्लखांबाखाली गादी आहे का, खाली कोण उभं राहतं, कुस्तीत जोड वजन बघून लावतात का, हे स्वतः बघा. दमा, फिट, जुनं फ्रॅक्चर असेल तर आधी सांगा. आणि क्रिकेट सुधारेल या आशेनं पाठवू नका, ते इथे होत नाही.

रावपुरेकर

दादा, खूप आभार. एक राहिलंच. मोठी मुलगी तेरा वर्षांची आहे. भावाचं नाव घालतोय म्हटल्यावर रुसून बसलीये, आणि तिचं बरोबरच आहे.

लालमाती

तिचं शंभर टक्के बरोबर आहे. आमच्याकडे मुलींची तुकडी संध्याकाळी असते, दोरीच्या मल्लखांबावर. सकाळची मुलग्यांची वेगळी ठेवतो, कारण उघड्या अंगानं, जांगियावर सराव चालतो आणि हौद एकच आहे. पण मुलींना मे महिन्यात जागा नाही असं सांगणाऱ्या ठिकाणी मुलालाही घालू नका, असं माझं मत.

रावपुरेकर

दोघांनाही घातलं. आज सोळावा दिवस. मिस्टर सकाळी सोडायला जातात आणि घरी न परतता तिथेच कट्ट्यावर बसून राहतात. मुलगा आज खांबावर चढलाच नाही म्हणे. मला वाटलं, घाबरला. विचारलं तर म्हणाला, "एक छोटा आला होता, त्याच्या खाली उभा होतो. हात दुखतायत." जेवून साडेबाराला झोपला तो अजून उठला नाही. कपड्यांवरचे एरंडेलाचे डाग मात्र जात नाहीत, त्याला काय करू?

लालमाती

आधी डागावर बेसन चोळून अर्धा तास ठेवा, मग गरम पाणी आणि साबण. तरी पिवळट राहिले तर राहू द्या, शिबिराचे कपडे महिनाभर वेगळेच ठेवायचे. अंगालाही बेसनच. हात दुखतायत ते खांद्यापासून दुखत असतील, वर धरून ठेवायची सवय नसते, चार दिवसांत जाईल. आज रात्री त्याची नखं कापा, अगदी बारीक. आणि हातात दोरा, कडं, काही असेल तर उद्या घरी काढूनच पाठवा. खाली उभं राहणाऱ्याच्या हाताचं वरच्याला लागतं.