ठाण्याचा पहिलाच कार्यभार: नम्रपणा नेमका कुठे दाखवायचा? (टोपणनावांनी झालेली चर्चा)

पायवाट: पहिल्यांदाच पोलीस ठाण्याचा कार्यभार घेणाऱ्या अधिकाऱ्याला 'नम्र राहा' असं सगळेच सांगतात. पण रोजच्या कामात त्याचा अर्थ काय? हजेरीला साठ माणसं समोर उभी असताना, बंदोबस्त लावताना, एखादी चूक उघडी पडल्यावर नेमकं काय करायचं? आणि शिस्त ढिली पडू नये म्हणून कुठे थांबायचं?

बारनिशी: हजेरीत 'कुणाला काही अडचण?' असं विचारलं की कुणीच बोलत नाही आणि साहेबांना वाटतं सगळं आलबेल आहे. साठ जणांसमोर तोंड उघडणारा तक्रारखोर ठरतो, मग त्याचीच रजा अडकते, हे प्रत्येकाला माहीत असतं. त्यापेक्षा पाळी बदलताना अर्धा तास ठाणे अंमलदाराजवळ बसा आणि नेमकं विचारा. रात्री कुठल्या पॉइंटवर माणूस कमी पडला? साप्ताहिक सुट्टी कुणाची बुडाली? पहिल्या आठवड्यात मुद्देमाल कारकून (जप्त वस्तू सांभाळणारा), गोपनीयचा माणूस (गुप्त माहिती गोळा करणारा) आणि प्रत्येक बीट अंमलदार (ठाण्याच्या हद्दीतला एकेक भाग सांभाळणारा) यांना एकेकटं भेटा. कमी बोला, लिहून घ्या. ऐकलेल्यातली एक तरी गोष्ट त्याच आठवड्यात सुटली पाहिजे, नाहीतर दुसऱ्यांदा कुणी सांगायला येत नाही.

विसर्जनाच्या बंदोबस्ताचा नकाशा आधी तुम्हीच मांडलात, तर समोरून फक्त 'जी सर' येणार. आधी बीटवाल्याला बोलू द्या. दोन मंडळं कुठल्या वळणावर समोरासमोर येतात, रुग्णवाहिका कुठल्या गल्लीतून काढता येते, हे त्याला पाठ असतं. फिक्स पॉइंटवर, म्हणजे नेमून दिलेल्या एकाच जागी, बारा-चौदा तास उभं राहणाऱ्या महिला अंमलदारांना जवळचं स्वच्छतागृह कुठे आणि बदली माणूस किती वाजता येणार, हेही त्याच बैठकीत ठरवा. हे कायम राहून जातं.

तिसरी पाळी: याची दोन उदाहरणं आपल्याकडेच आहेत. मुंबईत २०१६ साली देवनार ठाण्यात आठ तासांची ड्युटी प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. कल्पना तिथल्याच एका पोलीस नाईकाची. तत्कालीन आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ती ऐकून घेतली आणि राबवली. ९० माणसं बारा तासांच्या दोन पाळ्यांत प्रत्येकी ४५ पडतात, आठ तासांच्या तीन पाळ्यांत ३०, म्हणून 'मनुष्यबळ नाही' हे उत्तर तयारच असतं. पण कुठली जागा तीस माणसांत भागते, हे तिथे उभं राहणाऱ्यालाच सांगता येतं.

दुसरं भिवंडीचं. १९८४ च्या दंगलीनंतर, १९८८ पासून उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतल्या सामान्य रहिवाशांना पोलिसांसोबत नियमित बसवलं. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली.

केस डायरी: वरचं सगळं मान्य, पण ऐकणं निर्णयाच्या आधी. जमाव समोर असताना हुकूम एकाचाच चालतो, तिथे चर्चा नाही. नंतर गडबड झाली तर अहवालात 'आदेश माझा होता' असं लिहायचं.

चुकांबद्दल जास्त सांगावंसं वाटतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती-जप्तीचं दृकश्राव्य चित्रीकरण करावं लागतं. समजा, ते राहून गेलं. साहेब सगळ्यांसमोर फाडून खातात अशी ख्याती असेल, तर तपासी अंमलदार ते लपवतो, पंचनाम्यातली वेळ मागेपुढे करतो आणि उलटतपासणीत सगळा खटला कोसळतो. म्हणून चूक त्याच दिवशी तुमच्यापर्यंत आली पाहिजे. आली की खाडाखोड नाही, पान बदलणं नाही. खऱ्या वेळेसह स्टेशन डायरीत नोंद, चित्रीकरण का झालं नाही याचा लेखी खुलासा आणि सरकारी वकिलांना आधीच कल्पना. रागवायचं तर दार लावून.

पायवाट: आणि चूक मुद्दाम केलेली असेल तर?

केस डायरी: मग ती चूक नव्हे. लाच घेतली किंवा कोठडीत हात उचलला, तर समजावत बसू नका. कोठडीतल्या माणसाची लगेच वैद्यकीय तपासणी करा, सीसीटीव्हीचं चित्रण पुसलं जाण्याआधी सुरक्षित करा आणि वरिष्ठांना त्याच दिवशी लेखी कळवा. तोंडी कळवलेलं पुढे कुणाला आठवत नाही.