लिस्बन, चार दिवस, सोबत सासू-सासरे: सल्ला हवा

प्रेषक: डोंबिवलीकर, उट्रेख्त

नमस्कार मंडळी,

सासू-सासरे तीन महिन्यांसाठी आमच्याकडे नेदरलँड्सला आले आहेत. ट्युलिप झाले, पवनचक्क्या झाल्या. परवा चहा पिता पिता सासऱ्यांनी जाहीर केलं की आता त्यांना लिस्बन बघायचंय. पॅरिस नको, रोम नको, ते टीव्हीवर बघून झालंय. लिस्बनच का, तर ३४ वर्षं मुंबई महापालिकेत नोकरी केली आणि ज्या पोर्तुगिजांनी ती मुंबई मुलीच्या लग्नात आंदण देऊन टाकली त्यांचं गाव एकदा डोळ्याखालून घालायचंय.

असेन्शन या ख्रिस्ती सणाच्या सुट्टीचा गुरुवार जोडून रविवारपर्यंत चार दिवस आहेत. सासरे ७४ वर्षांचे, चालायला खणखणीत. सासूबाईंचा उजवा गुडघा कुरकुरतो. चढ कसाबसा चढतात, उतार अजिबात नको. दोघं शाकाहारी, अंडं केकमधलं चालतं, डोळ्यांना दिसलेलं चालत नाही. लेक नऊ वर्षांची, तिला पिवळी ट्राम हवी. नवऱ्याने एक्सेल शीट केलंय, त्यात दिवसाला अकरा ठिकाणं आहेत. वाचवा!

राहायचं कुठे? आणि सासू-सासऱ्यांचा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या अनेक देशांत एकच चालतो तो) सिंगल एन्ट्री, म्हणजे एकदाच आत येण्याचा आहे, काही अडचण नाही ना?

प्रेषक: सांगलीकर, आइंडहोवन

सिंगल एन्ट्रीचं काही नाही, पोर्तुगाल शेंगेनमध्येच येतं. फक्त दोघांचे मूळ पासपोर्ट बरोबर घ्या, झेरॉक्सवर विसंबू नका.

आम्ही गेल्या वर्षी तीन दिवसांत लिस्बन आणि जवळचं राजवाड्यांचं सिंत्रा दोन्ही उरकलं. आता फोटो बघितले की कुठला राजवाडा कुठला ते बायको सांगते. घर घेतलं होतं अल्फामा या जुन्या, चढावरच्या भागात. जाहिरातीत लिहिलं होतं, किल्ल्यापासून चार मिनिटं. खोटं नव्हतं, पण चारही मिनिटं पायऱ्यांची होती. वर चौथा मजला, लिफ्ट नाही. बॅगा मी दोन खेपांत नेल्या आणि घरमालकाने वर खिडकीतून हात हलवून स्वागत केलं.

२८ नंबरच्या पिवळ्या ट्राममध्ये पाकीट सांभाळा. एक बाई नकाशा पसरून मला रस्ता विचारत होत्या. मला! परका माणूस, पण मदत केली. उतरलो तर मागचा खिसा हलका. सहा वर्षं ठाणे-सीएसटी केलं, कधी पाकीट गेलं नव्हतं.

प्रेषक: वसईकर, द हेग

अगं, आधी सासऱ्यांना माझा नमस्कार सांग. यायचं कारण एवढं पक्कं असलेला पर्यटक बऱ्याच दिवसांनी भेटला.

ते एक्सेल शीट बंद कर. नकाशात अंतर दिसतं, चढ दिसत नाही, आणि लिस्बनमध्ये सगळा खेळ चढाचा आहे. सात टेकड्यांचं गाव म्हणतात, दुखऱ्या गुडघ्याला सतरा वाटतात. त्यातून फुटपाथ पांढऱ्या चुनखडीच्या बारक्या चौकोनी दगडांचे, पायांनी घासून घासून गुळगुळीत झालेले. पावसाची सर आली की शेवाळलेला घाटच समज. सासूबाईंना रबरी तळव्याचे बूट घे. चपला नकोत. तुमच्यासाठी नियम एकच: वाहनाने वर जायचं, वरच्या वर हिंडायचं, वाहनानेच खाली यायचं. एका दिवशी एकच टेकडी.

राहा बाइशात. रस्ते सरळ, जमीन सपाट, मेट्रो जवळ. विमानतळावरून लाल लाइन, अलामेदाला उतरून हिरवी, की रोसियू. बाइशा एवढं आखीव का, ते सासऱ्यांना आवडेल. १ नोव्हेंबर १७५५, सगळ्या संतांचा सण. सकाळी साडेनऊच्या पुढे चर्चं माणसांनी भरलेली, मेणबत्त्या लागलेल्या, आणि भूकंप झाला. मग तेजु नदीतून लाटा आल्या, मग कित्येक दिवस आग. पुढे मार्क्विस ऑफ पोंबाल झालेल्या मंत्र्याने हा भाग नव्याने आखला. घरांच्या भिंतींत लाकडी पिंजरे घातले, म्हणजे हादरा बसला तर घर डुलेल, कोसळणार नाही. पिंजऱ्याचा नमुना उभा करून भोवती शिपायांना पाय आपटत चालवलं आणि चाचणी घेतली, असं सांगतात. बांधकाम खात्यात कोणाला ओळखत असतील तर सासरे ही गोष्ट मुंबईला नेतील.

तिथून कार्मूचं चर्च बघा. भूकंपात छप्पर गेलं ते परत घातलंच नाही. कमानी उभ्या, वर आकाश. मी पहिल्यांदा आत गेलो आणि दोन मिनिटं वसईच्या किल्ल्यातच होतो. तिथे भूकंप, आमच्याकडे १७३९ चे चिमाजीअप्पा आणि नंतरचे पावणेतीनशे पावसाळे.

किल्ल्यावर जायला दोन वाटा. रुआ दुश फांकेइरुशवर एका साध्या इमारतीत नगरपालिकेची फुकट लिफ्ट आहे, पुढे थोडं चाललं की दुसरी, तीही फुकट. किंवा प्रासा दा फिगेइरातून ७३७ नंबरची लहान बस, ती किल्ल्याशी सोडते. सासूबाईंना बस. ग्लोरियाची चढावरची गाडी मात्र यादीतून काढ. ३ सप्टेंबर २०२५ च्या अपघातात तिथे १६ माणसं गेली.

लेकीला २८ नंबर दाखवायचीच तर मार्तीं मोनीझच्या रांगेत उभे राहू नका. दुसऱ्या टोकाला, कांपु द ओरीकला जा आणि सकाळी आठला चढा, बसायला जागा मिळेल. गाड्या १९३० च्या दशकातल्या, लाकडी बाकं, घंटा. सासऱ्यांना खिडकीशी बसव. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली, तेव्हा ते दहा-बारा वर्षांचे असतील.

आता त्यांचं खरं ठिकाण. ते बहुतेक याद्यांत नसतं. साऊं व्हिसेंत द फोरा नावाचा मठ, २८ च्याच वाटेवर. तिथल्या जुन्या भोजनगृहात ब्रागांझा या पोर्तुगीज राजघराण्याचं दफनस्थान आहे आणि कॅथरीन तिथे आहे. १६६१ च्या करारात जिच्याबरोबर मुंबई इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला गेली, ती. चार्ल्सने १६६८ मध्ये ते बेट वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिलं. नवरा गेल्यावर बाई माहेरी परतली आणि १७०५ च्या शेवटच्या दिवशी लिस्बनला वारली. शनिवारी जा, कारण मठामागच्या मैदानात तेव्हा फेइरा दा लाद्रा भरते. शब्दशः चोरणीची जत्रा. आपला चोरबाजारच, फक्त मटण स्ट्रीट नाही.

बेलेंला १५ नंबरची ट्राम जाते. जेरोनिमोशच्या चर्चमध्ये शिरल्या शिरल्या एका बाजूला वास्को द गामा, दुसऱ्या बाजूला कवी कामोंइश. वास्को १५२४ मध्ये कोचीनला वारला, तिथेच पुरला, नंतर अस्थी पोर्तुगालला नेल्या आणि १८८० मध्ये इथे आणल्या. मी गेलो तेव्हा चर्चला तिकीट नव्हतं, आतल्या ओवऱ्यांना होतं. ओवऱ्या सोडू नका, दगडात जाईजुईसारखं काम आहे. जवळच राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यासमोर उंच खांबावर गोवा जिंकणारा अफोन्सु द अल्बुकर्क उभा आहे. हापूसला ज्याचं नाव लागलं म्हणतात तो हाच. मे महिन्यात त्याच्याकडे बघताना तोंडाला पाणी सुटतं, पण तिथे हापूस मिळत नाही.

आणखी एक, मग थांबतो. घारापुरीच्या लेण्यातला शिलालेख पोर्तुगिजांनी काढून आपल्या राजाकडे पाठवला, असं पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोउतूने लिहून ठेवलंय. पुढे त्याचा पत्ता लागला नाही. तेजुच्या काठी कॉफी घेऊन बसलो की माझी नजर उगाच प्रत्येक जुन्या दगडावर जाते.

प्रेषक: संयोजक

वसईकर काका, एवढं सगळं येतंय तर दिवाळी अंकासाठी लेखच द्या ना. बाकीच्यांना आठवण: गणपतीच्या हॉलची आगाऊ रक्कम या महिन्यात भरायची आहे. लिस्बनला जाण्याआधी!

प्रेषक: म्हापशेकर, लिस्बन

मी मूळ म्हापशाचा, इथे अठरा वर्षं. तुमच्या मराठी मंडळाच्या यादीत अजून आहे, कारण काढायला कोणी सांगितलं नाही.

वसईकर काकांनी इतिहास सांगितला, मी पोटाचं सांगतो. खानावळीत बसलात की न मागता पाव, ऑलिव्ह, चीज समोर येतं. ते फुकट नसतं. हात लावला नाही तर पैसे लागत नाहीत. सुरुवातीलाच हसून परत करा, कोणाला राग येत नाही. काल्दु वेर्द नावाचं पालेभाजी-बटाट्याचं सूप दिसायला शाकाहारी, पण वर चोरीसची, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजची चकती तरंगत असते. 'सें शोरीसू' सांगा. तरी सूपचा रस कशात शिजलाय ते विचारा. कॅफेच्या काचेत समोसे दिसतील, नाव शामूसा, आमच्या गोव्याच्याच वाटेने आलेले. आत बहुतेक वेळा मांस असतं. सासूबाई घाईत उचलतील, लक्ष ठेवा.

पोटभर जेवायचं तर तेल्हेइरशला राधाकृष्णाचं देऊळ आहे. मंडळी मुख्यतः मोझांबिकहून आलेली गुजराती, जेवण शाकाहारी. वेळ फोन करून विचारून घ्या. मार्तीं मोनीझच्या आसपास कढीपत्त्यापासून तूरडाळीपर्यंत सगळं मिळतं.

पास्तेल द नाता, म्हणजे दालचिनी भुरभुरवलेली कस्टर्डची वाटी. बेलेंतलं दुकान १८३७ पासूनचं. अंडं दिसत नाही, पण आत बलकच बलक. सासूबाईंना सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

भाषेची भीती नको. पाव म्हणजे पाऊं, चावी शाव्ह, बालदी बाल्द, काजू कजू, लिलाव लैलाऊं. बटाटा तर बटाटाच. आभार मानताना पुरुषांनी ओब्रिगादु, बायकांनी ओब्रिगादा.

आणि तुमचे सासरे महापालिकेतले ना? मग त्यांना सांगा, २००७ ते २०१५ इथले महापौर आंतोनियु कोश्ता होते, पुढे पंतप्रधान झाले. त्यांचे वडील मडगावला वाढलेले. महापौरांचं घरचं नाव बाबुश. आमच्याकडे लाडक्या पोराला म्हणतात तसं.

प्रेषक: डोंबिवलीकर, उट्रेख्त

आलो. सगळ्यांचे गुडघे शाबूत. दिवसाला अकराच्या जागी दोन ठिकाणं केली, नवरा पहिले दोन दिवस अस्वस्थ होता, मग दुपारी झोपायला लागला.

ट्राममध्ये आठ वाजता चौघांना बसायला मिळालं, मी उभी, पर्स पोटाशी. एका वळणावर गाडी भिंतीच्या इतकी जवळून गेली की लेकीने खिडकीतून हात आत घेतला. सासरे एकदम बोलायला लागले. शेवटची ट्राम बघायला वडिलांनी बोरीबंदरला नेलं होतं, म्हणे, आणि गर्दीत एक चप्पल हरवली. लग्नाला ४६ वर्षं झाली, सासूबाईंनी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली. त्यांचा पहिला प्रश्न: दुसरीचं काय केलंत?

नाता खाताना मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "मला माहितीये काय आहे ते. दिसत नाहीये ना?" चार खाल्ले. समोशाचं मात्र म्हापशेकरांमुळे वेळेवर लक्षात आलं, हातातला परत ठेवायला लावला.

शनिवारी साऊं व्हिसेंत. त्या दालनात आमच्याशिवाय दोनच माणसं होती. कॅथरीनबाई सापडेपर्यंत जरा फिरावं लागलं. सासरे पिशवी खाली ठेवून उभे राहिले. मला वाटलं, आता भाषण होणार. म्हणाले, "या बाईने मुंबई कधी बघितलीच नाही, नाही का?" मी म्हटलं, नाही. "मी ३४ वर्षं बघितली. रोज. भायखळा ते बोरीबंदर, नऊ सतराची." मग चष्मा पुसून बाहेर आले आणि चोरबाजारात दोन युरोला एक पितळी बिजागरी घेतली. ती कशाला लावायची, ते अजून ठरलेलं नाही.

वसईकर काका, जुने दगड मीही बघितले. शिलालेख नाही सापडला.

बस-मेट्रोची पाच नाव्हेगांत कार्डं उरली आहेत. एकेक ५० सेंटचं, वर्षभर परत भरता येतं. सांगलीकर पुन्हा जाणार असतील तर पुढच्या सत्यनारायणाला घेऊन येते. पाकीट पुढच्या खिशात ठेवा.