शिवणच शिका म्हणे!

वायरमन_ताई: काल इथं कुणीतरी टाकलंय, "बेरोजगार बायकांना शिवण आणि पार्लर शिकवा, आयटीआयला वेल्डिंग-फिटरच्या सीटा उगाच अडवू नका." तेव्हापासून डोकं तडतडतंय म्हणून लिहितेय. मी वायरमन केलंय, तालुक्याला, बॅचमध्ये आम्ही दोघीच. ३० टक्के राखीव कागदावर, मुली आल्या नाहीत की जागा मुलांना. पोलवर चढायची वेळ आली की सर म्हणायचे, तू रजिस्टर लिही. दोन वर्षं रजिस्टर लिहिलं मी!! आणि वर्कशॉपकडं बायकांचं संडास नाही, ऑफिसातल्या मॅडमकडून चावी मागून आणायची, ती पण त्या रजेवर नसल्या तर. आता महावितरणच्या जनमित्रांत, म्हणजे लाइनमनमध्ये, बायका आहेत की, चढतात पोलवर. १९९४ ला देशातलं पहिलं महिला धोरण आपण आणलं, २०२४ ला चौथं आलं, आणि गाडी अजून शिवणयंत्रावरच.

सरळसोट: पोस्ट माझीच. फॅब्रिकेशनचं दुकान आहे माझं. दोन मुली ठेवल्या होत्या, एकीचं लग्न ठरलं, दुसरीचा भाऊ रोज येऊन बसायचा. धंदा करू का राखण? आणि शिवणाला नाकं मुरडू नका, आमच्या आईनं मशीन चालवून आम्हा तिघांचं शिक्षण केलं.

सुईदोरा: तेच म्हणते. अस्तरचं कटोरी ब्लाउज एकदा शिवून दाखवा मग बोला. ४५० घेते मी, साताऱ्यात.

कोथरूडकर: ४५०?? आमच्याकडं ८०० घेतात आणि बाही काखेत ओढते ती ओढतेच.

सुईदोरा: मापाला लग्नातलं ब्लाउज आणून दिलं की ओढणारच. आणि सणाच्या आदल्या दिवशी कापड टाकून उद्या हवंय म्हणायचं.

कोथरूडकर: मी महिनाभर आधी टाकते, उगाच सगळ्यांना एका मापात बसवू नका. गौरीचं ब्लाउज मला दसऱ्याला मिळालंय.

सुईदोरा: मग रेडिमेड घाला ना, कुणी अडवलंय?

वायरमन_ताई: अहो ब्लाउज आवरा आता. ताई, तुमच्या कामाला नावं नाही ठेवली मी. पण केंद्राच्या पीएम विश्वकर्मा योजनेतून ट्रेनिंगचे दिवसाला ५०० आणि टूलकिटचे १५ हजार मिळतात म्हणून आमच्या एका आळीत सात जणींनी शिवणच घेतलं. सात जणींना गिऱ्हाईक कुठून यायचं?

सुईदोरा: हे मात्र खरंय. माझ्या शेजारणीनं फॉल-पिको २० वर आणलाय, मी ४० घेत होते.

जुना_फिटर: सगळे फुकटचे लाड. लाडक्या बहिणीचे १५०० मिळतात, कोण कशाला हातोडा धरेल.

वायरमन_ताई: दादा, १५०० त महिनाभर घर चालवून दाखवा, मग हातोडा मी धरते, तुमच्याच समोर.

जुना_फिटर: लगेच अंगावर येता. बरोबर बोललं की झोंबतं.

सरळसोट: बास. वायरमन_ताई, तुमच्या ओळखीत ग्राइंडर चालवणारी कुणी असेल तर पाठवा, महिनाभर बघतो. झाला का आत्मा शांत? फक्त आधीच सांगतो, दुकानाला संडास नाही, पलीकडं हॉटेल आहे.

वायरमन_ताई: आणि चावी कुणाकडं असते?