एकाच आकड्यावर निकाल नको
दोन संगणकांपैकी वेगवान कोणता, हे एकाच चाचणीच्या गुणांवरून ठरवणं मला पटत नाही. १९८४ची ड्राइस्टोन ही प्रोसेसरचा वेग मोजणारी चाचणी बघा: प्रोग्राम इतका छोटा की कॅशमध्येच (प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान साठ्यात) मावायचा, मुख्य मेमरीची कसोटी लागतच नसे. शिवाय निकालात न वापरलेलं काम कंपायलर (प्रोग्रामचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारी साधनं) गाळून टाकत आणि आकडा फुगे. म्हणून तर स्पेक (SPEC) या संगणकांच्या वेग-चाचण्या ठरवणाऱ्या संस्थेने १९८९मध्ये खऱ्या वापरातल्या १० प्रोग्रामांचा संच आणला. प्रत्येकाचा वेळ एका संदर्भ यंत्राशी ताडून त्या गुणोत्तरांचा भूमिती मध्य (दहांच्या गुणाकाराचं दहावं मूळ, एक प्रकारची सरासरी) काढायचा.

आणि कृपया एकदाच चालवून थांबू नका. लॅपटॉप तापला की प्रोसेसर वेग उतरवतो, त्यामुळे पहिली आणि दहावी फेरी सारखी येईलच असं नाही. मी तरी रोजच्या कामाचाच प्रोग्राम पाच-सहा वेळा चालवून, लागलेल्या वेळा चढत्या क्रमाने लावून मधली वेळ धरते.