विषय: मेंदूच्या खेळांचं अ‍ॅप एकत्र घ्यायचं का?

प्रेषक: बारामतीचे काका

मंडळी, नमस्कार.
आमच्या हिने काल मोबाइल फ्रिजमध्ये ठेवला आणि मी तो तासभर घरभर शोधला. मुलाने लगेच मेंदूच्या खेळांचं अ‍ॅप सुचवलं. दहा जण मिळून घेतलं तर वर्गणी निम्मी. ज्येष्ठांपैकी कोण येतंय? आणि आपली पोस्टडॉक (पीएचडीनंतर संशोधन करणारी) दिवसभर लोकांचे मेंदू स्कॅन करते म्हणे, तिलाही विचारतो: उपयोग होतो का?

प्रेषक: पोस्टडॉक

काका, दिवसभर कुठलं! आठवड्याला जेमतेम चार स्कॅन. बाकी वेळ डेटा निस्तरण्यात. आत झोपलेल्याने दोन-चार मिलिमीटर डोकं हलवलं की माझी दुपार गेली.

अ‍ॅपचं म्हणाल तर जो खेळ खेळाल तो चांगला जमू लागतो, यात वाद नाही. मोबाइल फ्रिजमध्ये जायचा थांबेल का, यात आहे. २०१० मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या ब्रिटनमधल्या प्रयोगात ११,४३० जण सहा आठवडे असे खेळ खेळले. खेळांत तरबेज झाले, न खेळलेल्या चाचण्यांत जैसे थे. इथल्या, अमेरिकेतल्या 'अ‍ॅक्टिव्ह' चाचणीत ६५ च्या पुढचे २,८३२ जण होते; तर्क आणि वेग यांच्या सरावाचा परिणाम दहा वर्षांनीही दिसला, स्मरणाच्या सरावाचा नाही. म्हणजे तुम्हाला हवं होतं नेमकं तेच टिकलं नाही. 'लुमॉसिटी' या अशाच खेळांच्या कंपनीला तर भलत्या जाहिरातींपायी २०१६ मध्ये २० लाख डॉलर भरावे लागले.

त्यापेक्षा आपल्या अर्बानाचंच बघा. इलिनॉय विद्यापीठातल्या प्रयोगात (२०११ साली छापून आला) १२० ज्येष्ठांपैकी निम्मे वर्षभर आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं चालले. त्यांचा हिपोकॅम्पस (मेंदूतला आठवणींचा भाग) सुमारे २ टक्के वाढला, नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांचा १.४ टक्के आकसला. स्मरणाच्या चाचणीत मात्र दोन्ही गट सुधारले, हे मी लपवणार नाही.

प्रेषक: मराठी शाळेच्या काकू

मी जाऊन आलेय हिच्या एमआरआय मशीनमध्ये. मंगळसूत्र, बांगड्या, केसांतले आकडे सगळं काढलं आणि पदराची पिन विसरले! दारातच ती धातू शोधणारी कांडी टुंई करून ओरडली. मग आत हातोडे मारल्यासारखा आवाज. हिला सगळे विचार दिसतात या भीतीने मी अर्धा तास कुणाबद्दल वाईट म्हणून मनात आणलं नाही.

प्रेषक: पोस्टडॉक

काकू, उगाच पुण्य गेलं वाया! विचार दिसत नाहीत. रक्तातल्या ऑक्सिजनचा फरक दिसतो, तोही पाच-सहा सेकंद उशिरा. आकडेमोडीत हयगय केली तर मेलेल्या सॅल्मन माशाच्या मेंदूतही 'हालचाल' सापडते. थट्टा नाही, खरंच करून दाखवलंय. त्याला २०१२ चं इग नोबेल, म्हणजे गमतीदार संशोधनाचं बक्षीस, मिळालं. म्हणून रंगीत ठिपक्यांचं चित्र घेऊन कुणी काही विकायला आलं की आधी मासा आठवा.
पिन माझ्याकडेच आहे. गणपतीला आणते.

प्रेषक: बारामतीचे काका

अ‍ॅप रद्द. शनिवारी सकाळी सातला मेडोब्रुक पार्कच्या पार्किंगमध्ये जमा. चहाचा थर्मास माझ्याकडे.
ता. क. आज माझा चष्मा सापडत नाहीये. फ्रिजमध्ये बघून झालं.