प्रतिसाद: चिकित्सक आवृत्तीत नाही म्हणजे काय?

"गणपती लेखनिक झाल्याची कथा भांडारकर संस्थेच्या महाभारतात नाही," हे वर कुणीतरी लिहिलंय ते अर्धंच खरं. चिकित्सक आवृत्ती म्हणजे वेगवेगळ्या पोथ्या ताडून भांडारकर संस्थेने तयार केलेलं महाभारत. कथा आदिपर्वाच्या परिशिष्टात छापलेली आहे, संहितेत, म्हणजे मुख्य मजकुरात, नाही. लहान प्रक्षेप (मागाहून घुसलेला मजकूर) तळटीपेत, आकड्यापुढे तारा लावून येतात; लांबलचक परिशिष्टात जातात. द्रौपदीने वस्त्रहरणाच्या वेळी केलेला कृष्णाचा धावाही असाच तळटीपेत सापडेल.

म्हणून नुसती संहिता असलेली पीडीएफ शोधून "हे महाभारतातच नाही" असा निकाल देऊ नका. आधी तळटीपेतली संकेताक्षरं, म्हणजे मजकूर कुठल्या पोथ्यांत आहे ते सांगणाऱ्या खुणा, बघा. एखादा श्लोक शारदा (काश्मीरची जुनी लिपी) आणि मल्याळम या दोन्ही लिप्यांतल्या पोथ्यांत असेल तर वजन जास्त, कारण काश्मीर आणि केरळ यांच्यात उसनवारी होणं अवघड. फक्त देवनागरी पोथ्यांत असेल तर सावध राहा. देवनागरीत सगळीकडचं मिसळतं. शब्दाखाली नागमोडी रेघ असेल तर तो पाठ (निवडलेला शब्द) संपादकांनाच पक्का वाटलेला नाही. ही रेघ ऑनलाइन प्रतींत बहुतेकदा गळते, आणि घोळ तिथेच होतो.

शिवाय 1919 ते 1966 चाललेल्या या कामातून मिळाली ती उपलब्ध पोथ्यांवरून गाठता येणारी सर्वांत जुनी संहिता. व्यासांची प्रत नव्हे.