मदत हवी आहे: नर्सिंगचे विद्यार्थी आणि इंटर्न यांच्या नेणिवेतला पूर्वग्रह कसा मोजावा? (सोलापूर)

नमस्कार. १२० जणांवर अभ्यास करायचा आहे. 'यंत्रमाग कामगार औषधं मध्येच सोडतो' हे मनात आधीच धरलेलं असतं का, ते बघायचंय. सरळ विचारलं की सगळेच 'सर्व रुग्ण सारखे' यावर खूण करतात. म्हणून आयएटी (दोन कळांवर शब्द किती झटकन गटांत लावले जातात यावरून मनातली जोडणी मोजणारी चाचणी) मराठीत करायची आहे. कामगारासाठी माग, धोटा, कांडी, सूत; शिक्षकासाठी फळा, खडू, हजेरी, धडा; गुणांसाठी भरवशाचा, नियमित, हट्टी, बेफिकीर. चालेल का?

प्रतिसाद १
आधी 'धोटा' (मागावर आडवा धागा नेणारं साधन) काढा. सोलापूरच्या पूर्वभागात, म्हणजे यंत्रमागांच्या वस्तीत वाढलेल्या मुलाला तो लगेच कळेल, बाहेरगावचा क्षणभर अडखळेल आणि ते अडखळणं पूर्वग्रह म्हणून मोजलं जाईल. 'भरवशाचा' हे पुल्लिंगी रूप झालं. जागरूक, नियमित, हट्टी, बेफिकीर अशी लिंगानुसार न बदलणारीच विशेषणं घ्या. विडी कामगार घेतले नाहीत हे उत्तम, नाहीतर तंबाखूबद्दलची नावड त्यात मिसळली असती.

फेऱ्या सात: २०, २०, २०, ४०, ४०, २०, ४०. पाचवी मुद्दाम ४० ची ठेवा, आधीच्या जोडीची सवय मोडायला. निम्म्यांना जोड्या उलट्या क्रमाने द्या. चाचणी कीबोर्डवरच घ्या, काहींना मोबाइल आणि काहींना संगणक नको. चूक झाली तर बरोबर कळ दाबेपर्यंत वेळ चालू राहू द्या.

डी-गुण (दोन प्रकारच्या जोड्यांना लागलेल्या वेळेतला फरक दाखवणारा अंतिम गुण) काढताना १०,००० मिलिसेकंदांवरचे प्रतिसाद वगळा. ज्याचे १० टक्क्यांहून जास्त प्रतिसाद ३०० च्या आत आहेत त्याला पूर्ण वगळा, तो न वाचताच कळा दाबतोय. मग ३ री-६ वी आणि ४ थी-७ वी यांच्या सरासरीतला फरक त्या-त्या जोडीच्या एकत्रित प्रमाण विचलनाने भागा आणि दोन्हींची सरासरी घ्या.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. विभागाने नावानिशी गुण मागितले तर?

प्रतिसाद २
अजिबात देऊ नका. तीच व्यक्ती पुन्हा बसली तर दोन गुणांचा सहसंबंध ०.५ च्या आसपास येतो. गटाचा कल सांगता येतो, एका मुलीवर शिक्का मारता येत नाही. नावाऐवजी सांकेतिक क्रमांक वापरा आणि हे नैतिकता समितीच्या अर्जातच लिहून टाका.

शिवाय वागणूक मोजायला रुग्णवर्णन, म्हणजे काल्पनिक रुग्णाची लेखी माहिती, हवंच. ४५ वर्षांचा पुरुष, छातीत दुखतंय, घाम आलाय. बदल फक्त व्यवसायाच्या ओळीत: एका आवृत्तीत यंत्रमाग कामगार, दुसरीत शिक्षक. ईसीजी किती मिनिटांत, दुखणं किती खरं वाटतं (० ते १०), औषधं घेईल का, एवढंच विचारा. एकाच विद्यार्थ्याला दोन्ही आवृत्त्या दिल्या तर हेतू लगेच ओळखू येतो, म्हणून चिठ्ठ्या टाकून वाटा. मध्यम फरक (प्रमाण विचलनाच्या ०.५ पट) ८० टक्के खात्रीने पकडायला प्रत्येक आवृत्तीला ६४ जण लागतात, तेव्हा १२० चे १२८ करा. आणि रुग्णवर्णन आधी, आयएटी नंतर.